ताई महाराज प्रकरण आणि मृत्युपत्रातील पाच नावे



स्मरणिकेच्या कामात दरवर्षी माझ्या वाट्याला जाहिरातींची वसुली येते. यंदा संपादक मंडळाने लेखही मागितला, आणि तोही विश्वस्त म्हणजे कोण या विषयावर. मी रेल्वेतला पी-वेचा माणूस. डिप्लोमा केला, नोकरीला लागलो, आणि गेली वीसेक वर्षे रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांतच गेली. कायद्याशी माझा संबंध म्हणजे चौकशीच्या कागदांपुरता. तरीही नाही म्हणता आले नाही, कारण ज्या वादातून हा विषय निघाला त्या वादात मी स्वतः होतो आणि माझे वागणे त्यात काही फार शोभणारे नव्हते.

हकिगत अशी. आपल्या सरोजिनी नगरात, कानपूर रोडच्या आतल्या अंगाला, आपले एक काका राहात होते. नाव लिहीत नाही, जुन्या मंडळींना लगेच कळेल. सत्तरच्या दशकात स्कूटर्स इंडियाचा कारखाना इथे उभा राहिला तेव्हा नोकरीच्या निमित्ताने जी थोडी मराठी कुटुंबे आली, त्यांतले हे एक. कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२१ साली झाला. काका त्याच्या पुष्कळ आधी निवृत्त झाले होते. मूलबाळ नव्हते. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि जाण्याआधी त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले होते. साधा कागद, दोन साक्षीदार, मोत्यासारखे अक्षर. घर आणि शेजारची मोकळी जागा खाली दिलेल्या पाच जणांनी विश्वस्त म्हणून ताब्यात घ्यावी, मोकळ्या जागेवर मुलांना मराठी शिकवण्यासाठी एक हॉल बांधावा, आणि पत्नीने हयातभर याच घरात राहावे, असा मजकूर. त्या पाच नावांत माझे नाव होते. काकांनी मला विचारलेसुद्धा नव्हते.

पहिली बैठक त्यांच्याच घरी झाली. एकाने सुरुवातीलाच सांगून टाकले, "चला, आता जागा आपली झाली." दुसऱ्याने पुढच्या बाजूला दोन दुकाने काढून भाड्याने देण्याची योजना मांडली. तिसऱ्याचे म्हणणे, हे सगळे विकून आलमबागकडे मेट्रोजवळ काहीतरी घ्यावे, सगळ्यांना सोयीचे पडेल. काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, "मला कुणी विचारणार आहे की नाही?" पाच जणांत वयाने मीच लहान. मी पटकन म्हणालो, "काकू, तुम्ही कशाला काळजी करता, आम्ही आहोत ना." त्या काही बोलल्या नाहीत. ट्रे ठेवला आणि आत गेल्या.

रात्री घरी येऊन हे सांगितले तर सौ. म्हणाली, "अहो, पण त्या जागेचे तुम्ही नक्की कोण? मालक, की राखणदार?" मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वकीलसाहेबांकडे गेलो. इथलेच, लखनौचे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "क़ानून बाद में पढ़िएगा. पहले अपने तिलक महाराज का मुक़दमा पढ़ लीजिए. बाल गंगाधर तिलक बनाम श्रीनिवास पंडित."

आपण दरवर्षी मांडवात लोकमान्यांचा फोटो लावतो. १८९३ साली गणेशोत्सव सार्वजनिक स्वरूपात आणणारे, 'केसरी'वाले, मंडालेचे, एवढे आपल्याला पाठ असते. पण परक्याच्या इस्टेटीचे विश्वस्त म्हणून त्यांच्या आयुष्यातली जवळजवळ अठरा वर्षे ज्या एका कागदाला बांधली गेली होती, त्याची गोष्ट मला तरी धड ठाऊक नव्हती. शाळेत 'ताई महाराज प्रकरण' एवढे दोन शब्द ऐकले होते, तेही राजद्रोहाच्या दोन खटल्यांच्या मधल्या जागेत.

पुण्यात श्री वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज म्हणून पहिल्या वर्गाचे सरदार होते. टिळकांचे स्नेही. १८९७ चे साल पुण्याला फार वाईट गेले. प्लेग, त्यावरची सक्ती, जूनमध्ये रँडसाहेबाचा खून, आणि २७ जुलैला राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. टिळक सुटून आले आणि तीन दिवसांत, ७ ऑगस्टला, बाबा महाराज कॉलऱ्याने गेले. मृत्यूच्या त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले आणि विश्वस्तांत टिळकांचे नाव घातले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि आणखी काही गृहस्थही त्यात होते. डोक्यावर राजद्रोहाचा खटला असलेल्या माणसाला मरणाच्या दारात असलेला सरदार आपली इस्टेट सोपवतो, हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. त्या दिवसांत टिळकांना ओळख दाखवायलाही पुष्कळ लोक कचरत असतील.

मृत्युपत्राचा आशय साधा होता. पत्नी गरोदर आहे. तिला मुलगा झाला नाही, किंवा झालेला मुलगा जगला नाही, तर घराण्याचे नाव चालावे म्हणून विश्वस्तांच्या संमतीने शास्त्राप्रमाणे दत्तक घ्यावा, आणि तो वयात येईपर्यंत त्याच्या वतीने विश्वस्तांनी इस्टेट सांभाळावी.

आता यात कोण कोण आहे ते पाहा. आमच्या पाच जणांच्या बैठकीत जो गोंधळ झाला तो इथे सुटतो.

इस्टेट देणारे बाबा महाराज. कायद्यात याला न्यासकर्ता म्हणतात. त्याचे काम इच्छा स्पष्ट सांगण्याचे. ती सांगून, मालमत्ता सोपवून झाली की त्याची भूमिका संपते, आणि इथे तर माणूसच संपला. यापुढे त्याच्या वतीने बोलणार तो फक्त कागद. विश्वस्तांना त्या कागदात भर घालता येत नाही, त्यातले काही वगळता येत नाही, "त्यांना असेच म्हणायचे असणार" असेही म्हणता येत नाही. आमच्या बैठकीत हे वाक्य निदान चार वेळा उच्चारले गेले होते.

दुसरे विश्वस्त. १८८२ चा भारतीय न्यास कायदा विश्वस्तपणाची जी व्याख्या करतो ती मला आमच्या खात्यातल्या भाषेत लगेच पटली. न्यास म्हणजे मालकीला जोडलेले बंधन. कागदोपत्री मालमत्ता विश्वस्ताच्या नावावर असते, पण तिचा फायदा दुसऱ्याचा. सेक्शनमध्ये माझ्या चार्जात लाखो रुपयांचे रूळ, फिशप्लेटा, चाव्या, बोल्ट असतात. लेजरवर सही माझी, कमी पडले तर जबाब माझा, स्टॉक व्हेरिफायर येतो तो माझ्याकडे. पण त्यातला एक बोल्ट घरच्या झोपाळ्याला लावायचा मला अधिकार नाही. फरक इतकाच की रेल्वे मला पगार देते. विश्वस्ताला मात्र लेखात तशी तरतूद नसेल तर मेहनताना मागता येत नाही. न्यासाच्या मालातून स्वतःचा नफा काढता येत नाही. काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही. दोन-तीन विश्वस्त असतील तर लेखात वेगळे लिहिले नसल्यास सगळ्यांनी मिळून निर्णय करायचा, "तुम्ही करा, माझी सही धरा" हे चालत नाही. हिशेब ठेवायचा आणि लाभार्थ्याने मागितला की दाखवायचा. आणि एक गोष्ट मला फार दिलासा देऊन गेली, की विश्वस्तपण स्वीकारलेच पाहिजे अशी कुणावर सक्ती नाही. मात्र एकदा स्वीकारले की कंटाळा आला म्हणून टाकून देता येत नाही. त्याला कोर्टाची परवानगी, किंवा लाभार्थ्यांची संमती, किंवा लेखातच तशी सोय लागते. म्हणजे विचार करायचा तो आधी.

वकीलसाहेबांनी एक खुलासा केला तो इथेच सांगतो. १८८२ चा कायदा खाजगी न्यासांचा आहे. धार्मिक आणि धर्मादाय देणग्यांना तो थेट लागू होत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा वेगळा कायदा आणि धर्मादाय आयुक्त आहेत. पुण्या-मुंबईच्या मंडळांना उत्सवाची वर्गणी गोळा करण्यासाठी तिथली परवानगी लागते, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. उत्तर प्रदेशात तसे कार्यालय नाही. इथे कुणी गैरव्यवहार केला तर त्या कामाशी संबंध असलेल्या दोघांनी मिळून दिवाणी कोर्टात परवानगी घेऊन दावा लावायचा. पण विश्वस्ताने कसे वागावे याची मुळातली तत्त्वे दोन्हीकडे तीच.

तिसरा लाभार्थी. बाबा महाराजांच्या इस्टेटीतली गंमत, किंवा खरे तर दुर्दैव, असे की ज्याच्यासाठी हे सारे, तो लाभार्थी त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. १८९८ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांत गेला. टिळक तेव्हा तुरुंगात होते. आदल्या सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले. इस्टेटीवर कर्ज होते. विश्वस्तांनी वाड्याच्या खर्चाला आळा घातला. कर्जात बुडालेल्या घराला दुसरा उपाय नसतो, पण ज्याचा खर्च कमी होतो त्याला तो उपाय वाटत नाही.

आणि इथे चौथी व्यक्ती येते, जिचे नाव या प्रकरणाला पडले, पण जिची बाजू क्वचितच कुणी सांगतो. बाबा महाराजांची विधवा पत्नी, ताई महाराज. कोवळे वय. नवरा गेला, पोटचे मूल गेले. इस्टेट तिच्या घराची, पण चालवणार दुसरे. दत्तक तिच्या मांडीवर बसणार, पण विश्वस्तांच्या संमतीशिवाय नाही. ती न्यासकर्ती नव्हे, विश्वस्त नव्हे, पूर्ण लाभार्थीही नव्हे. तिच्याशिवाय काही होऊ शकत नाही आणि तिच्या एकटीच्या शब्दाने काही होत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने तिला फार अवघड जागी उभे केले होते.

जून १९०१ मध्ये टिळक आणि खापर्डे तिला घेऊन औरंगाबादला गेले. तेव्हा ते निजामाच्या हद्दीत. त्या बाजूला पंडित घराण्याची शाखा होती. तिथला जगन्नाथ नावाचा मुलगा पसंत झाला आणि २८ जूनला दत्तकविधान झाले, असे विश्वस्तांचे म्हणणे. मंडळी पुण्याला परतली आणि महिन्याभरात चित्र पालटले. ताई महाराजांनी विश्वस्तांना मिळालेला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे कारभार करण्याचा कोर्टाचा दाखला, रद्द करावा म्हणून जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्याकडे अर्ज केला. औरंगाबादला दत्तक झालेच नाही, असा तिचा पवित्रा. १९ ऑगस्टला तिने कोल्हापूरच्या पंडित घराण्यातले बाळा महाराज यांना दत्तक घेतले. कोल्हापूर दरबार, पुण्यातले इंग्रज अधिकारी आणि टिळकांचे विरोधक यांना हे प्रकरण गैरसोयीचे नव्हते, एवढे म्हणायला हरकत नाही. पण सगळा दोष भर देणाऱ्यांचा, असे मानायला माझे मन तयार नाही. ज्या बाईला आपल्या घरात आपले कोणी ऐकत नाही असे वाटते, तिला ऐकणारा पहिला माणूस खरा वाटतो.

पुढची सहा-सात वर्षे म्हणजे नुसती कोर्टाची पायरी. ३ एप्रिल १९०२ रोजी अ‍ॅस्टनसाहेबांनी प्रोबेट रद्द केला, आणि एवढ्यावर न थांबता टिळकांवर खोटी साक्ष, खोटा पुरावा वगैरे आरोप ठेवून फौजदारीकडे पाठवले. प्रोबेटविषयीचा हुकूम हायकोर्टाने फिरवला, पण फौजदारी चालूच राहिली. २४ ऑगस्ट १९०३ रोजी विशेष मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनी खोट्या साक्षीबद्दल अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड सुनावला. अपिलात ४ जानेवारी १९०४ रोजी सेशन्स जज्ज लुकास यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली. टिळक येरवड्याला काही दिवस राहूनही आले. अखेर मार्च १९०४ मध्ये सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या पुढे हायकोर्टात ते निर्दोष सुटले.

दरम्यान १९०३ सालीच ताई महाराज वारल्या. जिच्या अर्जावरून हे सुरू झाले ती गेली, तरी खटला गेला नाही.

फौजदारीतून सुटल्यावर दुसरा कोणी असता तर हात जोडून मोकळा झाला असता. टिळकांना इस्टेटीतून एक पैचा लाभ नव्हता. जगन्नाथ त्यांच्या नात्याचा नव्हता, गोत्याचा नव्हता. पण एका मुलाला 'हा दत्तक' म्हणून एका घरातून उठवून दुसऱ्या घरात आणले होते. त्याला आता वाऱ्यावर सोडले तर तो ना इकडचा ना तिकडचा. विश्वस्तांनी दिवाणी दावा चालवला. ३१ जुलै १९०६ रोजी खालच्या कोर्टाने जगन्नाथाचे दत्तकविधान खरे मानले. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले, आणि ते तिथे असताना १९१० मध्ये मुंबई हायकोर्टाने हा निकाल उलटवला. न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी टिळक आणि त्यांच्या सोबत्यांच्या साक्षीवर विश्वास ठेवला नाही. त्या कोठडीत 'गीतारहस्य' लिहिले गेले हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच कोठडीत ही बातमी पोचली असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. फौजदारीतून सुटका झाली तरी खोटे बोलल्याचा डाग पुन्हा लागला होता, आणि उत्तर द्यायला माणूस हजर नव्हता.

प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. २६ मार्च १९१५ रोजी निकाल लागला. लॉर्ड शॉ यांनी तो वाचला. औरंगाबादचे दत्तकविधान खरे ठरले, हायकोर्टाचा निकाल रद्द झाला. आपल्या वकीलसाहेबांना हा खटला पाठ होता तो दत्तकाच्या मुद्द्यामुळे नव्हे. साक्षीदाराला खोटा म्हणायचे असेल तर तो समोर उभा असतानाच त्याला तो मुद्दा विचारला पाहिजे, उत्तर द्यायची संधी दिली पाहिजे. ती न देता मागाहून निकालपत्रात त्याला कटवाला ठरवणे बरोबर नाही, असे त्या निकालात सांगितले आहे. शंभरावर वर्षे झाली तरी या मुद्द्यासाठी आपल्या देशातल्या कोर्टांत या निकालाचा हवाला दिला जातो.

मला तो मुद्दा वेगळ्याच जागी लागला. टिळकांना न विचारता टिळकांविषयी ठरवले गेले, म्हणून लंडनच्या न्यायाधीशांनी कान उपटले. आणि आमच्या बैठकीत काकूंना न विचारता काकूंच्या घराविषयी ठरत होते.

विश्वस्तांनी पैसे खाल्ले तरच ते चुकले, अशी आपली समजूत असते. पण एक पैसाही खिशात न घालता विश्वस्त चुकू शकतो. याचे उदाहरण इथेच, आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो त्या हुसैनाबादेत आहे. अवधचा बादशहा मोहम्मद अली शाह याने छोट्या इमामबाड्याच्या आणि तिथल्या धार्मिक कामांच्या खर्चासाठी कंपनी सरकारकडे रक्कम ठेवली आणि विश्वस्त नेमले. पुढे इंग्रज सरकारने १८७८ मध्ये या देणगीसाठी खास कायदाच केला. आणि मग १८८१ साली समोर तो २२१ फुटांचा घंटाघर उभा राहिला, लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज कूपर यांच्या सन्मानार्थ, या ट्रस्टच्या पैशाने. घंटाघर सुरेख आहे, मुले तिथे फोटो काढतात. पण इमामबाड्यात दिवे लागावेत म्हणून ठेवलेल्या पैशातून साहेबाच्या नावाचे घड्याळ लावावे, असे बादशहाच्या मनात असेल का? कुणी चोरी केली नाही. फक्त देणाऱ्याचा हेतू बाजूला ठेवून, जवळच्या बड्या माणसाला बरे वाटेल ते केले. आमची मेट्रोजवळची जागा आणि पुढची दोन दुकाने याच जातीची.

थोडे विषयांतर करतो, कारण लखनौकरांना न सांगण्यासारखे ते नाही. प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानंतर पावणेदोन वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, टिळक काँग्रेस अधिवेशनासाठी आपल्या या गावी आले. सुरतेच्या फुटीनंतर नऊ वर्षांनी जहाल आणि मवाळ इथे एकत्र बसले आणि मुस्लिम लीगशी करार झाला तो इथेच. तरुणांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून गाडी स्वतः ओढली. त्या तरुणांत शाहजहानपूरचा रामप्रसाद बिस्मिल होता, पुढे काकोरी प्रकरणात फाशी गेलेला. चारबागचे आजचे लाल-पांढरे स्टेशन तेव्हा बांधले जात होते. रोज त्या स्टेशनातून जाताना मला आता ती गाडी आठवते. त्या गाडीत बसलेला माणूस आदल्याच वर्षी एका परक्या मुलाचा हक्क सिद्ध करून आणि स्वतःवरचा डाग पुसून आला होता. घोडे सोडणाऱ्या पोरांना जगन्नाथ पंडित कोण हे बहुधा माहीत नसणार.

असो. मुळाकडे येतो.

हे सगळे वाचून झाल्यावर मी काकूंकडे एकटा गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण शब्द जुळेनात म्हणून आधी नळाची गळकी तोटी बदलून दिली. मग म्हणालो, "काकू, त्या दिवशी मी तुम्हाला बोलू दिले नाही." त्या म्हणाल्या, "तू एकटाच नाहीस रे. पण 'आम्ही आहोत ना' हे तू म्हणालास. तुझे काका असे कधी म्हणत नसत, ते आधी विचारत." टिळकांनी औरंगाबादच्या वाटेवर ताई महाराजांना किती वेळा आणि कसे विचारले होते, कोण जाणे. कोर्टाने दत्तक खरे ठरवले, ते खरेच असणार. पण तिला ते आपले वाटले होते की विश्वस्तांचे, हे कुठल्या निकालपत्रात सापडायचे नाही.

त्यानंतर पुढची बैठक झाली तेव्हा काकू खुर्चीवर बसल्या आणि चहा आम्ही केला. वकीलसाहेबही आले होते. त्यांनी मृत्युपत्र मोठ्याने वाचले आणि प्रत्येकाला विचारले, तुम्ही हे विश्वस्तपण स्वीकारता का? पाचांपैकी दोघांनी नाही म्हणून लिहून दिले. एकाची बदली व्हायची आहे, दुसऱ्याला तब्येत झेपत नाही. नाराजी कुणी धरू नये, मला तर त्यांचे कौतुक वाटले. उरलो आम्ही तिघे. दुकाने नाहीत, विक्री नाही. विकायचे असते तर काकांनी तसे लिहिले असते. हॉलसाठी देणग्या येतील त्यांचे खाते वेगळे, उत्सवाच्या वर्गणीशी त्याची सरमिसळ नाही. मुलांचा मराठीचा वर्ग रविवारी सकाळी. हिशेब दर तिमाहीला काकूंना दाखवायचा, आणि वर्षातून एकदा मंडळाच्या सभेत ठेवायचा. विश्वस्तांपैकी कुणी गेला किंवा सोडून गेला तर नवा कसा नेमायचा, याचे कलम काकांनी लिहिलेले नव्हते. हीच मोठी उणीव. त्याचा मार्ग वकीलसाहेब शोधत आहेत, कदाचित कोर्टातून हुकूम घ्यावा लागेल. ज्यांच्या मनात असे काही देऊन ठेवायचे असेल त्यांनी, कृपा करून, हा मुद्दा आधीच लिहावा आणि ज्यांची नावे घालायची त्यांना एकदा विचारून घ्यावे.

हॉलचा नकाशा मीच काढला आहे. चोवीस फूट बाय सोळा, एका बाजूला मूर्तीच्या चौरंगासाठी कोनाडा. जुन्या घराची आणि हॉलची भिंत एकच, म्हणून मी मध्ये एक दार दाखवले होते. काकूंनी नकाशा जवळ घेऊन बराच वेळ पाहिला, दारावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "दार असू दे. मुलांचा आवाज येईल. पण कडी माझ्या बाजूने लाव." नकाशात तशी खूण केली आहे. काम पावसाळ्यानंतर सुरू होईल.